टिबुकलीची ओटी

१४ सप्टेंबर, रविवार. काम: तळ्याच्या पायऱ्यांपुढची जलपर्णी काढून घेणे.

फोनच्या कॅलेंडरमध्ये मी एवढंच टाकून ठेवलं होतं. हैदराबादला कुकटपल्लीत आमच्या कॉलनीच्या मागे एक लहानसं तळं आहे आणि दरवर्षी बतुकम्माच्या सणाआधी कॉलनीची असोसिएशन तिथे सफाई करून घेते. बायका पितळी परातीत फुलांचे थर रचून बतुकम्मा करतात, त्या पायऱ्यांवर मांडून भोवती फेर धरतात आणि शेवटी पाण्यात सोडतात. त्यासाठी पायऱ्यांपुढे पाणी दिसायला हवं. सप्टेंबरात आमच्या तळ्यात पाणी दिसत नाही. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जलपर्णी माजलेली असते आणि तिच्यात नुकत्याच बुडवलेल्या गणपतींचे बांबूचे सांगाडे अडकलेले असतात. यंदा हे काम माझ्याकडे आलं, कारण मीटिंगला मी ऑफिसातून उशिरा पोचले आणि तोवर मंडप, माईक, प्रसाद ही बरी कामं वाटून झाली होती.

जलपर्णी काढायला दोन माणसं येतात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, लांब बांबूला लावलेल्या आकड्याने ती वेल ओढून काठावर आणतात आणि ढीग लावतात. त्यांना मी आठला बोलावलं होतं. सहाला मी तशीही तळ्यावर असते. सोबत नवरा असतो. खरं म्हणजे तो असावा म्हणून मी असते. (घरात मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना ‘तो’ म्हटलं की वाक्यं लवकर संपतात.)

त्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. यंत्राचा भाग हातात घेऊन पास की नापास ते सांगायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. कारखाना बंद झाला. पाठोपाठ त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, छातीची जखम भरली, आणि माणूस पलंगावरून उठेना. रडणं नाही, तक्रार नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मुलगी बंगळुरूहून फोनवर सांगायची, ‘मम्मी, पप्पांना काउन्सेलिंगला ने ना, इट्स नॉर्मल.’ नेलं. तिथे त्याने प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर दिलं आणि घरी येऊन पुन्हा भिंतीकडे वळला.

मग मी एकच केलं. पहाटे पाचला उठायचं, स्वयंपाक उरकायचा, बूट घालायचे आणि बेडरूमच्या दाराशी उभं राहायचं. बोलायचं काही नाही. बोललं की तो उत्तर देतो आणि उत्तर दिलं की त्याचं काम संपतं. कोणी नुसतं उभं राहिलं की माणसाला झोपून राहणं अवघड होतं. सुरुवातीला तो मला वाट पाहायला लावून उठायचा आणि तळ्याच्या पहिल्या बाकापर्यंत यायचा. तिथे बसायचा. मी एक चक्कर मारून त्याला उचलून घरी आणायची आणि ऑफिसला पळायची. माझं ऑफिस काचीगुड्याला, तक्रारी ऐकण्याचं टेबल माझ्याकडे. दिवसभर लोकांचं ऐकून संध्याकाळी मी मेट्रोत उभ्याउभ्या डुलकी काढते.

असं दोन वर्षं चाललंय. त्यामुळे ते तळं मला पाठ आहे. आवड म्हणून नाही, गवळ्याला रस्ता पाठ असतो तसं.

थंडीत तिथे सगळ्यात बरं असतं. पाणी स्वच्छ नसतं, पण वास बसलेला असतो. काठाच्या चिखलात करडे-पांढरे धोबी पक्षी शेपट्या हलवत तुरुतुरु पळतात. कुठूनकुठून बदकं येतात, पाण्याच्या मधोमध झोपतात आणि एक दिवस नसतात. होळीनंतर तळं आकसायला लागतं. एप्रिलमध्ये पायऱ्या संपल्यावर पाण्यापर्यंत पोचायला चिखलाचा मोठा पट्टा लागतो, त्यात गेल्या साली बुडवलेलं सगळं वर येतं: नारळ, चपला, देवांच्या तसबिरीच्या चौकटी. नाल्याचं पाणी मात्र बारा महिने येतं, त्यामुळे तळं पूर्ण आटत नाही, फक्त घट्ट होतं. मे महिन्यात फिरायला येणारे लोक नाकाला रुमाल लावून भराभर एक चक्कर मारतात. त्या दिवसांत लांब लाल पायांचे शेकाटे त्या घाणीत असे चालतात की जणू इस्त्रीचे कपडे घालून आलेत. पाऊस सुरू झाला की तळं भरतं, आणि भरलं की जलपर्णी धरते. जांभळ्या पाणकोंबड्या त्या पानांवरून मालकिणीसारख्या हिंडतात.

यातलं निम्मं मला नवऱ्यामुळे माहीत आहे. यंदाच्या मे महिन्यात, तळ्याचं डबकं झालेलं असताना, तो बाकावरून म्हणाला, ‘ते काय बुडालं?’

त्याने आपणहून काही विचारावं याला किती महिने झाले होते कोण जाणे. मला काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, ‘कुठे?’ तो म्हणाला, ‘थांब, येईल वर.’ आम्ही दोघं थांबलो. भलत्याच ठिकाणी एक तपकिरी, मुठीएवढं, बिनशेपटीचं काहीतरी बुचासारखं वर आलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बुडालं. ती टिबुकली. मुलीला फोटो पाठवल्यावर तिने नाव शोधून दिलं आणि पुढच्या आठवड्यात वडिलांना एक दुर्बीण पाठवली.

तेव्हापासून सकाळी एक फरक पडला. मी दाराशी जाऊन उभी राहीपर्यंत त्याचा एक बूट घातलेला असायचा. दुसरा हातात घेऊन बसलेला असायचा, पण एक घातलेला. मला तेवढं पुरे होतं.

तर त्या रविवारी तो दुर्बीण लावून पायऱ्यांसमोर बघत होता. पायऱ्यांपासून जेमतेम दहा-बारा हातांवर, गणपतीच्या एका बांबूच्या सांगाड्याला अडकून, कुजक्या पाल्याचा एक ढीग तरंगत होता.

‘घरटं आहे,’ तो म्हणाला. ‘अंडी आहेत त्यात. अजून घालतेय.’

मी दुर्बिणीतून पाहिलं. ढीगच होता. तो म्हणाला, ती उठून गेली की ओला पाला ओढून अंडी झाकून जाते, म्हणून कचरा वाटतो. मग इन्स्पेक्टरच्या आवाजात म्हणाला, ‘फिनिशिंग शून्य. पण कामाला पास.’

आठला ती दोन माणसं तराफा डोक्यावर घेऊन आली. नवऱ्याने आकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘हे काढणार?’

‘काढायलाच बोलावलंय,’ मी म्हटलं.

त्याने दुर्बीण गळ्यातून काढली, तिच्या डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. त्या झाकणाचा खट असा आवाज झाला. मला पुढचे सगळे दिवस दिसले: भिंत, पाठ, न घातलेले दोन्ही बूट, आणि दाराशी मी.

मी त्या माणसांना सांगितलं, पलीकडून सांडव्याच्या बाजूने सुरुवात करा, पायऱ्यांपुढचं नंतर बघू. ते गेले. मग आंटी आल्या.

आंटी म्हणजे आमच्या महिला समितीच्या अध्यक्षा. तेलुगू, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, आणि अख्खी कॉलनी त्यांना आंटीच म्हणते. माझ्याशी त्या हैदराबादी हिंदीत बोलतात, मीही. त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून कमरेवर हात ठेवले.

‘ये क्या जी, सामने का इच छोड़ दिए?’

मी सांगितलं, पक्ष्याचं घरटं आहे, अंडी आहेत. त्या म्हणाल्या, चिड़ियाँ तो सब जगह रैते, बतुकम्मा कहाँ छोड़ना? त्यांचंही बरोबर होतं. मागच्या वर्षी सफाई अर्धवट झाली होती, तेव्हा सगळ्यांच्या बतुकम्मा वेलीत अडकून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी बकऱ्यांनी उतरून फुलं खाल्ली होती. बायकांनी ते वर्षभर आंटींना ऐकवलं होतं. त्या यंदा ऐकून घेणार नव्हत्या.

तक्रारींच्या टेबलावर इतकी वर्षं बसल्यावर एक गोष्ट कळते. समोरच्या माणसाला तुमचं कारण देऊन उपयोग नसतो, त्याचंच एखादं कारण शोधून त्याला द्यावं लागतं. आंटींची मुलगी त्या वेळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. रोज संध्याकाळी त्या तिला हळूहळू एक चक्कर मारायला आणायच्या. आणि बतुकम्मा हा तर लेकींनी माहेरी येण्याचाच सण.

मी म्हटलं, ‘आंटी, बतुकम्मा को बेटियाँ मैके आते ना? ये बी आई. जचगी के वास्ते.’

आंटी त्या ढिगाकडे बघत राहिल्या. नेमकी त्याच वेळी टिबुकली पाण्यातून वर आली, चोचीत वेलीचा एक तुकडा होता. तो तिने ढिगाला लावला, वर चढली, चोचीने पाला बाजूला केला आणि अंग चोरून बसली.

‘अय्यो तल्ली,’ आंटी हळूच म्हणाल्या. म्हणजे आई गं. मग माझ्याकडे वळून, ‘फिर तो नै छेड़ना.’

असं ठरलं की पायऱ्यांची डावी बाजू साफ करायची, फुलं तिथूनच सोडायची आणि उजवीकडे दोरी बांधून कोणाला जाऊ द्यायचं नाही. दोरी मी आणायची. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर बेगम बाजारात गेले, सणाच्या गर्दीत दोन तास घालवून पिवळी नायलॉनची दोरी घेतली आणि घरी येऊन पायांवर गरम पाणी ओतलं. बुधवारी सकाळी नवऱ्याने ती दोरी माझ्या हातून घेतली. बांबू कुठे रोवायचे ते त्याने त्या दोन माणसांना सांगितलं, एक बांबू तिरका म्हणून काढून पुन्हा रोवायला लावला आणि गाठी स्वतः मारल्या. कारखाना बंद झाल्यापासून त्याला कोणाला काही सांगताना मी पाहिलं नव्हतं. मी डबा धरून उभी होते. मेट्रो चुकली.

त्या आठवड्यात आमच्या टिबुकलीची कीर्ती पसरली. फिरायला येणाऱ्या बायका दोरीपाशी थांबायच्या आणि नवऱ्याला विचारायच्या, कब है डिलिव्हरी? तो अगदी गंभीरपणे सांगायचा की अजून दोन आठवडे तरी लागतील. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात हे त्याने सांगितल्यावर तर फारच हसणं झालं. आंटी म्हणाल्या, ‘ये अच्छा दामाद मिला. हमारे वाले तो फोन पे इच बैठे रैते.’ त्यांची मुलगी पोटावर हात ठेवून हसली. नवराही हसला. मी घड्याळाकडे बघत होते, पण ऐकलं.

मला त्या पक्ष्याबद्दल काही वाटत होतं का? खरं सांगायचं तर फारसं नाही. एका टिबुकलीची अंडी गेली तर जगात काही कमी होत नाही. मला एवढंच हवं होतं की ती फुटेपर्यंत कोणी हात लावू नये. पिल्लं निघाली की ती आईच्या पाठीवर बसून हिंडतात, असं नवऱ्याने कुठेतरी पाहिलं होतं. ते बघायला तो महिनाभर उठला असता. तोवर थंडी लागली असती, धोबी आले असते, बदकं आली असती. एका गोष्टीने त्याला दुसऱ्या गोष्टीपर्यंत पोचवलं असतं, आणि मग कदाचित मला दाराशी उभं राहावं लागलं नसतं. माझा हिशेब इतका साधा होता.

पुढच्या रविवारी अमावस्या होती. इकडे तिला पेत्रमास म्हणतात. सकाळी पितरांचं आणि संध्याकाळी बतुकम्माचा पहिला दिवस. आम्ही बौद्ध. माझे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीवर काचीगुड्याला आले, तेव्हापासून हैदराबादचे झालो, पण पित्रं घालायची, कावळ्याला घास ठेवायचा, ही सवय आमच्या घरात नाही. त्यामुळे सकाळी पायऱ्यांवर पानापानांत भाताचे गोळे ठेवलेले आणि कावळ्यांची ही दाटी पाहून मी साडी सावरून बाजूने गेले, एवढंच. या सणात कावळ्यांना ही पायरी सापडते, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. ज्यांच्या घरी दरवर्षी कावळ्यांना वाढतात त्यांच्याही डोक्यात आलं नाही, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

संध्याकाळी बतुकम्मा आल्या. तंगेडूची पिवळी फुलं, म्हणजे आपला तरवड, गुनुगूचे पांढरे-गुलाबी तुरे, म्हणजे कुर्डू, मध्ये झेंडू. बायकांनी फेर धरला. मी कडेने टाळ्या वाजवल्या, कारण दोरीवर लक्ष ठेवायचं होतं आणि बायकांत उभं राहून नुसतं बघणं बरं दिसत नाही. नवरा लांब, त्याच्या बाकावर. अंधार पडला. बतुकम्मा डाव्या बाजूने सोडल्या, त्या नीट तरंगत गेल्या. आंटींच्या चेहऱ्यावर वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

मग त्यांनी पिशवीतून एक द्रोण काढला. त्यात हळद लावलेले तांदूळ, पानसुपारी, तिळाचे दोन लाडू आणि चोळीच्या खणाचा बोटभर तुकडा होता. ओडी बिय्यम, म्हणजे आपली ओटीच. माहेरी आलेल्या लेकीला इकडे तिच्याशिवाय परत पाठवत नाहीत.

‘बेटी आई ना,’ आंटी मला म्हणाल्या. ‘खाली गोद कैसा रखना?’

त्यांनी द्रोण पाण्यावर ठेवला आणि एका लांब बांबूने हळूहळू पुढे ढकलला. तो दोरीखालून गेला आणि घरट्याला जाऊन टेकला. टिबुकली आधीच बुडी मारून लांब गेली होती. बायका हसत होत्या. कोणीतरी तेलुगूत ओरडून तिला पोटभर खायला सांगितलं. आंटींच्या मुलीने हात जोडले. मला ते छान वाटलं असावं. नक्की आठवत नाही. माझ्या डोक्यात होतं की उद्या सोमवार आहे, भाजी निवडलेली नाही आणि माझा गुडघा जिन्यावर पुन्हा कुरकुरणार आहे. नवऱ्याला मी द्रोणाचं सांगितलंही नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं.

सोमवारी सकाळी तळ्यावर पोचेपर्यंत कावळ्यांचं काम अर्धं झालं होतं. कालच्या पायरीवर ते आज पुन्हा आले होते. पायरीवर काही नव्हतं. पण हळदीचे तांदूळ पाण्यावर पिवळे दिसतात. द्रोण कलंडून तांदूळ घरट्यावर सांडले होते आणि चार-पाच कावळे बांबूच्या सांगाड्यावर पाय रोवून ते वेचत होते. एकाने तांदळाखालचा पाला ओढला. मग आणखी ओढला.

नवरा धावला. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा धावला. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, मी मागून त्याच्या शर्टाची कॉलर धरली. ‘पडाल,’ एवढंच म्हणत राहिले. त्याने डोक्यावरची टोपी फेकली, ती पाण्यात पडली. कावळे थोडे उडाले, पुन्हा बसले. टिबुकलीची अंडी घालताना पांढरी असतात आणि कुजक्या पाल्याने तपकिरी होत जातात, हे त्यानेच मला सांगितलं होतं. कावळ्याच्या चोचीत ते अंडं तपकिरीच दिसलं. शेवटचं नेलं तेव्हा अजून उजाडतच होतं.

कावळे गेल्यावर ती आली. घरट्यावर चढली, बसली, उठली. पाण्यात उतरली, पाल्याचा तुकडा घेऊन आली आणि जिथे अंडी होती तिथे पसरला. पुन्हा गेली, पुन्हा आणला. रिकामी जागा झाकत राहिली. नवऱ्याने तिकडे पाठ केली आणि घराकडे चालायला लागला.

आंटी समोरून येत होत्या. त्यांनी नवऱ्याला जाताना पाहिलं, पाण्यातली टोपी पाहिली, उपडा द्रोण पाहिला. मग मला विचारलं,

‘मेरे चावलाँ के वास्ते?’

‘कौवे तो आते इच, आंटी,’ मी म्हटलं.

त्या पदर तोंडावर धरून तिथेच पायरीवर बसल्या. त्यांची मुलगी घरी होती आणि त्या मनात काय जोडत असतील ते मला कळत होतं. अशा गोष्टींचा बाळंतपणाशी काही संबंध नसतो, हे बसून नीट समजवायला हवं होतं. माझ्यात तेवढा दम नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी घरी आले तर घरात दिवा नव्हता. टेबलावर सकाळचं ताट झाकलेलं तसंच. तो पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

‘जेवला नाहीत?’

तो मग भिंतीकडूनच म्हणाला, ‘तू कशाला सांगितलंस त्यांना ते माहेर नि बाळंतपण? त्या पहिल्या रविवारीच काढून टाकलं असतंस तर तिने दुसरीकडे बांधलं असतं. तेव्हा सगळी अंडी घालूनही झाली नव्हती.’

माझ्या खांद्याला अजून पर्स होती. हातात डबा होता. तो खाली ठेवायचं भान नव्हतं.

‘मला त्या पक्ष्याचं काही पडलेलं नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही उठावं म्हणून केलं. दोन वर्षं पाचला उठून त्या दाराशी उभी राहते, ते काय मला हौस आहे? माझे गुडघे संपलेत. मी संपलेय.’

हे मी कधी बोलले नव्हते. बोलणार नव्हते. आजारी माणसाला असं बोलू नये असं डॉक्टर सांगतात, मुलगी सांगते, मलाही कळतं. पंखा फिरत होता. मी पर्स खुंटीला लावली.

‘माहीत आहे मला,’ तो म्हणाला.

मी स्वयंपाकघराकडे वळले तेव्हा मागून आवाज आला, ‘मग उद्या झोप.’

तो रागाने म्हणाला की कसं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. सकाळचंच गरम करून जेवले, भांडी घासली, दुसऱ्या दिवसाची कणीक मळायचा कंटाळा केला आणि त्याच्या शेजारी जाऊन पडले. कधीतरी तो उठला. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, दहीभाताच्या भांड्यात चमचा वाजला. मग तो परत येऊन पडला.

पाचला मला जाग आली. अलार्म लावला नव्हता, पण शरीराला सुट्टी कळत नाही. मी पडून राहिले. तो जागा आहे हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं, आणि मी जागी आहे हे त्याला कळत असणार. मी उठले असते तर तोही उठला असता, मला खात्री होती. एक बूट घातला असता, दुसरा हातात घेऊन बसला असता. आणि मग उद्या, परवा, मी निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही, ते दार आणि मी. मी पाय हलवले नाहीत. खाली पंप सुरू झाला. दुधाची पिशवी कडीला अडकवल्याचा आवाज आला. तो हलला नाही, मीही हलले नाही. मला वाटलं, संपलं आता. आणि त्या विचारातच, मला स्वतःला नवल वाटतं, मला गाढ झोप लागली.

उठले तेव्हा ऊन कपाटापर्यंत आलं होतं. शेजारी कोणी नव्हतं. आधी बाथरूम पाहिलं. मग दाराशी गेले. चपलांच्या रॅकवर त्याचे दोन्ही बूट नव्हते. दुर्बीण खुंटीलाच होती.

गॅलरीतून तळ्याच्या पायऱ्या दिसतात. तो तिथे होता. त्याने बांबूंवरची पिवळी दोरी सोडली होती आणि कोपरावर आणि पंजावर वेढे घेत ती गुंडाळत होता, कारखान्यात गुंडाळत असेल तशी, एकसारखी. दोरीचं दुसरं टोक आंटींनी धरलं होतं. त्या काहीतरी सांगत होत्या, खूप सांगत होत्या, आणि तो मान हलवत होता. पाण्यावर कुजलेली फुलं होती. टिबुकली कुठे दिसली नाही, पण इतक्या लांबून मला ती दिसलीही नसती.

मी हाक मारली नाही. आत आले, माझ्यापुरता चहा टाकला आणि तो बसून प्यायले. मग ऑफिसात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि पुन्हा जाऊन झोपले.